न थरथरणारे हात

१४ सप्टेंबर २०१६, बुधवार

आज खोटं बोलले. सदुसष्टाव्या वर्षी, एका तिशीतल्या मुलीपुढे, डोळ्यांत डोळे घालून!

दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली आहे — झीबेक. उलारची फाईल तिने पहिल्या पानापासून वाचली. जुना डॉक्टर नुसतं शेवटचं पान उलटायचा आणि सही करायचा. वाचून झाल्यावर तिने मला ताईसारखी हाक मारून विचारलं, "एजे, सिक्लोडॉलच्या पांढऱ्या गोळ्या दिवसाला किती देता?"

"लिहिल्यात तेवढ्या. तीन."

सहा देते. पाहुणे यायचे असले तर आठ.

उलार शेजारीच बसला होता. माझा मुलगा, एक्केचाळीस वर्षांचा. खिडकीकडे बघत कोरडे ओठ चाटत होता. मी खोटं बोलले ते त्याला कळलं नाही. किंवा कळलं आणि लगेच विसरला.

१५ सप्टेंबर

या वहीत तरी खरं लिहावं. इथे कोणी फाईल तपासत नाही.

उलार राजधानीत पदार्थविज्ञानाच्या तिसऱ्या वर्षाला होता. सत्याण्णव साल. त्याला आवाज ऐकू यायला लागले. चार महिने इस्पितळात काढून घरी नारीनला आला, तेव्हा आवाज गेले होते, पण पोरगा लाकडाचा झाला होता. मान वाकडी, पावलं फरफटत, हात थरथरते. आवाजांवर दिलेल्या हॅलोपेरिडॉलने असं होतं, म्हणाले. त्यावर उतारा म्हणून ही पांढरी गोळी. सकाळ, दुपार, संध्याकाळ.

त्याच हिवाळ्यात घरी मांसाचं जेवण होतं. जेवणाआधी पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायचं काम घरच्या धाकट्या मुलाचं. आमच्याकडे धाकटा-थोरला एकच. एका हातात तस्त, दुसऱ्या हातात झारी घेऊन उलार मानाच्या जागेपासून सुरू झाला. तिथे माझे मोठे दीर अब्दिश बसले होते. झारी थडथडायला लागली, आणि सगळं पाणी त्यांच्या मांडीवर!

"अरे साकेन, तुझ्या पोराने मला बसल्या जागी मुतवलं की!"

सगळी पंगत हसली. उलारही हसला, सगळे हसतात म्हणून. माझा नवरा हसला नाही. मान खाली घालून एक हाड कोरत बसला. कितीतरी वेळ कोरत होता.

पुढच्या वेळी तासभर आधी दोन गोळ्या जास्त दिल्या. एक थेंब सांडला नाही! अब्दिशनी तळवे उचलून त्याला आशीर्वाद दिला. साकेनने मला दारातून पाहिलं आणि मान डोलावली.

एवढंच झालं. आधी पाहुण्यांपुरतं. मग दर शुक्रवारी. मग रोज — कारण आमच्या गावात दाराला कडी नसते, कोण कधी येईल सांगता येत नाही.

१६ सप्टेंबर

सकाळी त्याची उजळणी घेतली. सात बापांची, म्हणजे सात पिढ्यांची. पाच वर्षांचा असताना पाटावर उभा राहून एका दमात म्हणायचा, लोक त्याच्या खिशात खडीसाखर कोंबायचे.

"उलार साकेनचा. साकेन बैझाकचा. बैझाक मोल्दोचा. मोल्दो..."

थांबला. रोज तिथेच थांबतो.

"आळशी! सात बाप ज्याला माहीत नाहीत तो गुलाम. काय म्हणतात?"

"गुलाम, आपा."

रोज म्हणते. आज म्हटल्यावर मात्र पुढची उजळणी सोडून दिली.

१९ सप्टेंबर

गेले. सांगितलं. "सहा. कधी आठ. किती वर्षं ते विचारू नका, मीच सांगते: एकोणीस."

झीबेकने पेन खाली ठेवलं. रागावली असती तर बरं झालं असतं. मी इतकी वर्षं शाळेत मुलांना रागावले, रागावण्याचा काय उपयोग असतो ते मला माहीत आहे. माणूस मोकळं होतं.

तिने उलारला पाच शब्द सांगितले. घोडा, कात्री, बर्फ, मावशी, सफरचंद. मग हवापाण्याचं बोलली, आणि पाच मिनिटांनी विचारलं.

"घोडा," उलार म्हणाला. बराच वेळ विचार करून पुन्हा, "घोडा."

मग ती माझ्याशी बोलली. "हॅलोपेरिडॉल भास दाबतं, पण अंग ताठ करतं. सिक्लोडॉल ते अंग सैल करतं. पण एजे, मेंदूतल्या ज्या रसायनाला ती गोळी अडवते, त्याच रसायनावर लक्षात ठेवणं, नवीन शिकणं चालतं. तोंड कोरडं पडतं ना त्याचं? पोट साफ होत नाही? तसंच आतही होतं."

"म्हणजे हा विसरभोळेपणा आजाराचा नाही?"

"काही आजाराचा. काही गोळ्यांचा."

"किती कशाचा? आकडा सांगा."

"आकडा नाही सांगता येणार. कमी करून बघावं लागेल."

मी गणिताची बाई. मला आकडा लागतो.

आणखी एक सांगितलं तिने. जास्त झाल्या तर या गोळ्या स्वतःच भास दाखवतात. माणसं, किडे, दोरे. २००९च्या वसंतात उलार दोन आठवडे हवेतून दोरे वेचत होता. आजार उलटला म्हणून इस्पितळात हॅलोपेरिडॉल वाढवलं. त्याने तो जास्त ताठरला. ताठरला म्हणून मी पांढऱ्या गोळ्या वाढवल्या.

मी वाढवल्या. "वाढल्या" नव्हे.

२० सप्टेंबर

पुलापलीकडच्या औषधाच्या दुकानात गेले. नाझिरा माझी विद्यार्थिनी, उलारच्याच वर्गातली. सिक्लोडॉल हल्ली कुलपात असतं, नशेबाज खातात म्हणून. मला मात्र ती अकरा वर्षं चिठ्ठीशिवाय देत आली. मी मागायचे कुठे? मी नुसती काउंटरपाशी उभी राहायचे.

"यापुढे मला देऊ नकोस," म्हटलं. का ते सांगितलं.

ती पांढरी पडली. "बाई, मला पुस्तकात वाचलेलं आठवत होतं. एकदा बोलणारही होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला? बाई, तुमच्यापुढे माझे अजून पाय लटपटतात! आणि वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. तुम्हाला सगळंच ठाऊक असायचं."

घरी येताना पुलावर दोनदा थांबले. चढ नाही तिथे.

२१ सप्टेंबर

साडेपाच गोळ्या. दर तीन आठवड्यांनी अर्धी कमी करायची. एकदम बंद केलं तर घात होईल, झीबेकने तीनदा बजावलं. उरलेल्या जास्तीच्या गोळ्या तिच्या टेबलावर नेऊन ओतल्या. आता ती देईल तेवढ्याच.

१२ ऑक्टोबर

पाय जमिनीवर ठरत नाहीत त्याचे. खोलीभर येरझाऱ्या. लाळ गळते, बाही ओली. चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर रिकामा.

१३ ऑक्टोबर

"आपा, माझ्या पायांना बसायला सांग ना," म्हणाला.

झीबेककडे नेलं. तिने हॅलोपेरिडॉल थोडं उतरवलं. "आठवडाभर धीर धरा, एजे." तिला सांगायला काय जातं!

१ नोव्हेंबर, मंगळवार

दोन गोष्टी.

सकाळी म्हणाला, "आज मंगळवार. कोळशाची गाडी येईल." आली. मी वार सांगितला नव्हता.

दुपारी भाकरीचा तुकडा तोंडात घातला, चावला, थांबला. "मीठ जास्त झालंय."

एकोणीस वर्षांत माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं नव्हतं त्याने. मला वाटायचं, गुणी आहे. अहो, चव कुठली कळणार, कोरड्या तोंडाला? "खारट असेल तर खाऊ नकोस!" मी ओरडले. मग मागच्या खोलीत जाऊन डोक्यावरच्या रुमालाने तोंड दाबून उभी राहिले. रुमाल पूर्ण भिजला.

९ नोव्हेंबर

पहिला बर्फ. उलार आपण होऊन शेगडीजवळ जाऊन बसला. कुडकुडत कोपऱ्यात बसायची त्याची जुनी खोड, दर हिवाळ्यात त्यावरून बोलणी खायचा.

"आज कसं काय सुचलं?" मी विचारलं.

"ते गेले ना."

"कोण?"

"ती छोटी माणसं. शेगडीवर बसायची. गर्दी व्हायची, म्हणून मी लांब बसायचो." माझ्याकडे बघून म्हणाला, "मला वाटलं, तुलाही दिसतात."

किती हिवाळे? मी विचारलं नाही.

२६ नोव्हेंबर

चार गोळ्यांवर आलो आहोत. आज उजळणी घेतली नाही, महिनाभर घेतलीच नाही. मी कणीक मळत होते. तो खिडकीपाशी, स्वतःशी: "मोल्दो बोश्कोयचा. बोश्कोय काराचचा. काराच तिनायचा. तिनाय..." थांबला. माझे हात कणकेत तसेच. "...एलेमानचा." सात!

"बरोबर," एवढंच म्हटलं. शाळेत सुद्धा मी कधी शाबास म्हणत नसे.

कोळशाच्या कोठीत गेले आणि पोत्यावर बसले. हे सात जण त्याच्या आत होते, सगळा वेळ. मी दार लावलं होतं, आणि बाहेरून रोज त्यालाच हाका मारत होते — आळशी, आळशी.

१७ डिसेंबर

साकेनच्या नावाचं जेवण. पाच वर्षं झाली त्याला जाऊन. अब्दिश आले. ऐंशीचे झालेत, तोंड तसंच तिखट.

माझी भाची झारी उचलायला गेली. उलार म्हणाला, "ठेव. ते माझं काम आहे."

"हात बघ आधी तुझे," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"बघतोय, आपा."

मी स्वयंपाकघरात पळाले नाही. उभी राहिले. झारी थडथडली आणि अब्दिशच्या मांडीवर पाणी सांडलं.

"पुन्हा? तीच मांडी?" अब्दिश ओरडले. "अरे, माझ्याशी वैर आहे का तुझं?"

"काय करू, थोरले काका," उलार म्हणाला. "तेव्हाच्या पंगतीतले तुम्ही एकटेच उरलात. भिजवायला दुसरं कोणी नाही."

एक क्षण कुणाला कळेना. मग अब्दिश असे हसले की खोकला लागला, पाठीवर थापटावं लागलं. "साकेनचाच आहे हा! हीच जीभ!" जाताना माझा हात धरून म्हणाले, "अगं, हा पोरगा इतकी वर्षं कुठे होता?"

मी म्हटलं, "बूट उलटे घातलेत तुम्ही."

१८ डिसेंबर

काल आनंदाच्या भरात लक्षात आलं नव्हतं. ती पहिली पंगत त्याला आठवते. म्हणजे तेव्हाचं हसूही आठवत असणार.

१४ जानेवारी २०१७

तीन गोळ्या.

जुन्या वह्या मागितल्या. त्याच्या, कॉलेजच्या. दिवसभर उलटत होता. संध्याकाळी म्हणाला, "हे मी लिहिलंय. अक्षर माझं आहे. कळत काही नाही."

"येईल हळूहळू."

"नाही, आपा. हे नाही येणार." शांतपणे म्हणाला. पूर्वीसारखं मठ्ठपणे नव्हे, जाणत्या माणसासारखं.

झीबेकने बजावलं होतं: सगळं परत येत नसतं. काय गेलं ते मात्र कळायला लागतं.

२ फेब्रुवारी

"सायरा का आली नाही गं?"

बटाटे सोलत होते. सुरी थांबली नाही माझी. "कोण सायरा?"

"आपा."

"शेगडीपुढे ये, थंडी आहे," असं काहीतरी बोलले आणि उठले.

४ फेब्रुवारी

सांगितलं. दोन दिवस तो काही न विचारता माझ्याकडे बघत होता, ते सहन होईना.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात सायराच्या कानात मी स्वतः कुड्या घातल्या होत्या. त्या घातल्या की लग्न ठरलं, मुलगी आपली झाली. तो आजारी पडल्यावर तिने दोन वर्षं वाट पाहिली. नव्याण्णवच्या एप्रिलमध्ये आली, एकटीच, तिच्या घरच्यांना न सांगता. कुंपणापाशी दिसली मला. आणि मी — ती बूट काढीपर्यंत — याला चार गोळ्या दिल्या. तिच्यासमोर हात थरथरू नयेत म्हणून! आणि मग चहात, गप्पांत मी तिला तास-दीड तास अडकवून ठेवलं, गोळ्या लागू पडेपर्यंत. मग याला बाहेर आणलं.

चहाची वाटी सरळ धरली त्याने. एक थेंब सांडला नाही.

"आणि मी काय बोललो?" उलारने विचारलं.

"तिने विचारलं, उलार, मी कोण? तू म्हणालास, तुम्ही शाळेतल्या नव्या बाई ना."

"मग?"

"तिने कुड्या काढल्या, ताटापाशी ठेवल्या. मला वाकून नमस्कार केला. गेली. ओश शहरात असते. तीन मुलं आहेत."

आणि मी गावभर सांगत फिरले, मुलगी शब्दाची कच्ची निघाली. हेही सांगितलं त्याला. अठरा वर्षं सांगितलं मी हे.

तो उठला. कोट घालून अंगणात गेला आणि लाकडं फोडत राहिला. आठवडाभर पुरतील एवढी. मी खिडकीतून घाव मोजत होते. मोजायची सवय.

१० फेब्रुवारी

जेवत नाही. बोलत नाही. माझ्यावर ओरडत नाही. ओरड ना!

१५ फेब्रुवारी

झीबेककडे. ती त्याच्याशी तासभर दार लावून बोलली. बाहेर येऊन म्हणाली, "आवाज नाहीत, भास नाहीत. आजार उलटलेला नाही, एजे. हे दुःख आहे."

"मग काही तरी द्या!"

"यावर माझ्याकडे गोळी नाही. आणि सध्या त्याला एकटं सोडू नका. दर आठवड्याला आणा."

"आधी गोळ्यांनी पोराला नेलं, आता गोळी नाही म्हणता! मग तुम्ही कशाला आहात?" दवाखान्याच्या बोळात ओरडले. बाकांवरच्या सगळ्या आया बघत राहिल्या. त्यांच्या मांडीवरच्या पिशव्यांत त्याच पांढऱ्या गोळ्यांची पाकिटं असणार.

थांबून त्यांना विचारावं, किती देता, बायांनो? पण माझ्या तोंडाने कसं विचारू?

१ मार्च

पाठ करून झोपतो. उशी बाजूला असते, डोकं नुसत्या गादीवर.

आज सकाळी एवढंच बोलला: "मी लहान असताना तू मला नदीवर दगड दाखवायचीस. कोणता कुठून वाहत आला ते." होय, दाखवायचे. मी कोणे एके काळी अशी होते, हे मीच विसरले होते.

८ मार्च

महिला दिन. जुन्या विद्यार्थिनींनी फुलं पाठवली. "आमच्या कडक बाईंना." पाण्यात ठेवायचं सुचलं नाही.

११ मार्च, शनिवार

सकाळी गाय पिळून घरात आले तर खुंटीवर त्याचा कोट नव्हता. अंगणात नाही, कोठीत नाही. पावलं फाटकातून बाहेर, पुलाच्या दिशेने. मी तशीच धावले, चरवी हातात. पुलावर पोहोचले. कठड्यावरून खाली पाहिलं. नदीच्या मध्यावर बर्फ फुटला आहे, काळं पाणी. खिशात फोन वाजला.

"बाई, घाबरू नका. उलार माझ्याकडे, दुकानात आहे."

एकटा गेला होता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. रस्ता न चुकता.

मी दारात पोहोचले तेव्हा तो पाठमोरा होता. दोन्ही तळवे काउंटरवर टेकलेले, तरी थरथरत होते. त्याने मला पाहिलं नाही. नाझिरा रडत होती, "नाही रे देता येत, उलार, चिठ्ठीशिवाय नाही देता येत आता." आणि तो तिची समजूत घालत होता, हळू आवाजात, लहान मुलाची घालावी तशी:

"जास्त नको मला. एकच दे, नाझिरा. अर्धी मी घेईन, अर्धी आपाला देईन. तिलाही सगळं आठवतंय."